ट्रंकेतले रेशीम आणि रिठ्याचे पाणी

सासूबाईंच्या आईची वस्त्रे असलेली पत्र्याची ट्रंक या वर्षी जानेवारीच्या अखेरीस वाईच्या जुन्या घरातून आमच्या पुण्याच्या घरी आली. तिच्यात एक जांभळी पैठणी, एक इरकली नऊवारी, पूजेच्या वेळी नेसायचा रेशमी मुकटा, एक काश्मिरी शाल आणि काही सुती पातळे होती. नणंदेच्या मुलीचे लग्न ९ मे रोजी ठरले होते आणि सीमांतपूजनाला पणजीची पैठणी नेसण्याची तिची मनापासून इच्छा होती. पैठणीला मात्र कोंदट वास येत होता, घड्यांवर तपकिरी रेघा उमटल्या होत्या आणि काठाच्या आतल्या बाजूस, जिथे पूर्वी कमरेचा घाम लागत असे तिथे, कापड कडक झाले होते. ती धुतल्याशिवाय नेसता येणार नव्हती आणि अशी वस्त्रे हाताने धुण्याचा अनुभव माझ्या पिढीत कोणालाच नव्हता. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हे काम कसे केले, कुठे थांबावे लागले आणि किती खर्च आला, ते सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या घरी अशी ट्रंक उघडण्याची भीती वाटून पडून आहे, त्यांना याचा उपयोग व्हावा.

पहिला विचार अर्थातच ड्रायक्लीनिंगचा होता. ३० जानेवारीला पैठणी घेऊन जवळच्या दुकानात गेले. धुलाईचे ६५० रुपये, रोल पॉलिशचे (साडी रुळावर ताणून चुण्या काढण्याचे) २५० रुपये वेगळे आणि लगीनसराई जवळ आल्यामुळे दोन आठवड्यांची मुदत, असे सांगण्यात आले. पावतीच्या मागे बारीक अक्षरात अटी छापलेल्या होत्या: जुने रेशीम, जर आणि कच्चा रंग यांची जबाबदारी ग्राहकाची राहील आणि भरपाई धुलाईच्या दराच्या पाचपटीपेक्षा अधिक मिळणार नाही. दुकानदारांनी साडी उलगडून घड्यांवर हात फिरवला आणि ‘एवढ्या जुन्या मालाची खात्री आम्ही देत नाही’ असे स्पष्ट सांगितले. हा स्पष्टपणा मला आवडला. कोणतीही जुनी साडी दुकानात देण्यापूर्वी पावतीची मागची बाजू वाचावी, साडीचे काठ-पदर दोन्ही बाजूंनी दिसतील असे फोटो काढून ठेवावेत आणि आधीपासून फाटलेली जागा असल्यास तिची नोंद पावतीवर करून घ्यावी. मी साडी परत घेऊन आले.

घरी आल्यावर थोडे वाचन केले, तेव्हा दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी द्रावक वापरतात. ते तेल, तूप, मेण असे स्निग्ध डाग उत्तम काढते, परंतु घामातले क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने ते बऱ्याच अंशी कापडातच राहतात. हाच घाम रेशमाला वर्षानुवर्षे कुरतडत असतो. आमच्या पैठणीचा कडकपणा घामाचाच होता, म्हणजे तिला पाणी लागणार होते.

सासूबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अगं, रेशमाला साबण लावायचाच नाहीत आमच्याकडे. पातळं, धोतरं घाटावर जायची, पण मुकटा आणि पैठणी घरी परातीत. रिठे उकळायचे, गाळायचे आणि त्या पाण्यात नुसतं दाबायचं. आपटायचं नाही, पिळायचं नाही.’’ त्यांच्या आजोळी, खानदेशात, हिंगणबेट या फळाचा गरही रेशमासाठी वापरत असत, असेही त्यांनी सांगितले. त्यांना कृती आठवत होती, परंतु रिठे किती, पाणी किती, किती वेळ, ही मापे आठवत नव्हती, कारण त्या वयात त्यांचे काम केवळ पाणी आणून देण्याचे होते. ती मापे ठरवण्यातच फेब्रुवारी गेला.

६ फेब्रुवारीला मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून अर्धा किलो रिठे आणले, ९० रुपयांना. रिठे घेताना दोन-तीन फळे हातात घेऊन पाहावीत. साल तांबूस-तपकिरी, किंचित चिकट आणि अर्धपारदर्शक असावी. पांढरट बुरशी आलेली किंवा दाबताच भुगा होणारी फळे घेऊ नयेत. आपल्याकडचा दक्षिणी रिठा दोन-तीन कोश जोडलेला येतो आणि उत्तरेकडचा सुटा, गोल असतो; दोन्ही चालतात. तयार रिठापूड घेण्याचा मोह टाळावा असे माझे मत आहे, कारण तिचे बारीक कण विणीत अडकून बसतात आणि जरीच्या फटींतून ते काढणे फार कष्टाचे जाते.

रिठाच का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते, म्हणून एक सोपा प्रयोग केला. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना लावली आणि पट्ट्या वाळवल्या. एका पट्टीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे वेष्टनावर लिहिलेल्या, खोबरेल तेलाच्या साबणाचे पाणी टाकले, दुसरीवर रिठ्याचे. साबणाच्या पाण्याने हळद तत्काळ तांबडी झाली, रिठ्याच्या पाण्याने पिवळीच राहिली. हळद अल्कलीत तांबडी होते, हे शाळेत शिकलेले असते. कोणताही वडीचा साबण, मग तो घाण्याच्या तेलाचा असो वा घरी केलेला असो, तेलावर कॉस्टिक सोड्याची क्रिया होऊनच तयार होतो आणि त्याच्या पाण्याचा सामू (पीएच) साधारण ९ ते १० असतो. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते आणि त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते.

हा फरक सुती कापडाला जाणवत नाही, कारण कापूस अल्कली सहज सोसतो. रेशीम आणि लोकर ही मात्र प्रथिने आहेत. कच्च्या रेशमावरचा सेरिसिन नावाचा डिंक काढण्यासाठी ते साबणाच्या गरम पाण्यात उकळतात आणि त्यात रेशमाचे वजन पाचव्या ते चौथ्या हिश्शाने घटते. ज्या साबणाने डिंक निघतो, तोच पुन्हापुन्हा वापरला तर पुढे आतल्या धाग्याचीही चमक आणि बळ उतरू लागते. बाजारातल्या अनेक धुलाई पावडरींमध्ये तर प्रथिनांचे डाग पचवणारी विकरे (एन्झाइम) असतात. रक्त आणि दुधाचे डाग काढण्यासाठी ती घातलेली असतात, परंतु रेशीम हेही त्यांच्या दृष्टीने प्रथिनच असते. म्हणून वेष्टनावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. तो पदार्थ कशापासून केला आहे याइतकेच तो पाण्यात गेल्यावर कसा वागतो, हे पाहावे.

पाण्याचा विचार साबणाच्या आधी करायला हवा, असे मी आता सर्वांना सांगते. आमच्या इमारतीत महापालिकेचे पाणी आणि बोअरचे पाणी एकाच टाकीत मिसळते. बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. झाकणाच्या दोन बाटल्यांमध्ये दोन ठिकाणचे पाणी घेऊन त्यांत साबणाचा थोडा कीस टाकून हलवले. स्वयंपाकघरातल्या थेट नळाच्या, म्हणजे महापालिकेच्या, पाण्यात फेस उभा राहिला. टाकीच्या पाण्यात पांढरट साका तरंगू लागला. हा साका कापडावर बसला की रेशीम निस्तेज दिसते. रिठ्याच्या बाबतीत साका धरत नाही, तरीही जड पाण्याचे क्षार वाळताना धाग्यांवर राहतातच. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या तंत्रज्ञाने मीटर लावून एकूण क्षारांचा आकडा सांगितला, पण तो आकडा सगळ्या क्षारांचा असतो, केवळ जडपणाचा नसतो. धुण्यासाठी बाटलीतला प्रयोगच अधिक उपयोगी पडला. नळाला थेट पाणी सकाळी ६ ते ८ येते, तेवढ्यात सगळी भांडी भरून ठेवायची आणि शेवटच्या विसळणीसाठी डिस्टिल्ड वॉटर वापरायचे, असे ठरवले. त्याचे पाच लिटरचे दोन कॅन २०० रुपयांना मिळाले.

त्यानंतरचा काळ चाचण्यांचा होता आणि या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे, असे मला वाटते.

प्रथम धागा ओळखला. प्रत्येक वस्त्राच्या सुटलेल्या कडेचा एखादा धागा चिमट्यात धरून बशीवर जाळला. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ते बहुधा विझते आणि मागे राहिलेली काळी गोळी बोटांनी चुरडते. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि हलकी राख राहते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गुठळी होते. आजींचा मुकटा आणि पैठणी अस्सल रेशमाची निघाली. इरकलीचे अंग सुती आणि पदर-काठ रेशमी निघाले, जे त्या वाणाला साजेसेच होते.

दुसरी चाचणी रंगाची. रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब आतल्या बाजूच्या न दिसणाऱ्या जागी टाकायचे, वर पांढरा ओला कापूस ठेवून बोटाने दाबायचे आणि दहा मिनिटांनी कापूस उलटून पाहायचा. हे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र करावे लागते, कारण पैठणीच्या पदरावरच्या मोरात आणि वेलबुट्टीत जेवढे रंग असतात, तेवढ्या वेळा धागा निरनिराळा रंगवलेला असतो. जांभळा, हिरवा, लाल, पिवळा, एकेक करून सगळ्यांवर कापूस ठेवला. पैठणीचा कापूस प्रत्येक वेळी पांढराच राहिला, केवळ जुन्या मळाची फिकट तपकिरी छटा आली. इरकलीच्या लाल पदरावरचा कापूस मात्र उचलला तेव्हा स्वच्छ गुलाबी झालेला होता. हाच प्रयोग साध्या पाण्याने केला, तरी गुलाबी आलाच. इरकलीचा पदर अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, फासे घालून जोडलेला असतो. पदराचा रंग सुटला तर तो थेट अंगात शिरणार हे उघड होते. सासूबाईंनी कापूस हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘ही राहू दे. हिला पाणी लावायचं नाही.’’ इरकल बाजूला ठेवली.

तिसरी चाचणी जरीची. पैठणीच्या काठावरून निसटलेला जरीचा तुकडा घेऊन १९ फेब्रुवारीला आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेले. त्यांनी तो भिंगाखाली पाहिला, कसोटीवर घासला आणि रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचे पाणी दिलेले आहे, असे सांगितले. जिथे सोन्याचे पाणी झिजले आहे तिथे चांदी काळवंडली आहे. तो काळेपणा मळ नसून चांदीवर चढलेला थर आहे आणि धुण्याने तो जाणार नाही, हेही त्यांनी समजावले. लिंबू, चिंच, खाण्याचा सोडा किंवा दातांची पेस्ट यांनी जरीचा काठ उजळवण्याचा प्रयत्न करू नये, कारण उरलेले सोने त्यानेच निघून जाते. रिठ्याविषयी मात्र ते निःशंक होते, कारण दागिने धुण्यासाठी त्यांच्याकडे रिठ्याचेच पाणी असते. त्यांनी पैसे घेतले नाहीत. साडीची जर चांदीची आहे की तांब्याची की निव्वळ प्लास्टिकची, हे ठाऊक असणे यासाठी आवश्यक आहे की इस्त्रीची उष्णता आणि पुढची साठवण त्यावर अवलंबून असते.

एवढे झाल्यावर वाळवण्याच्या जागेचा प्रश्न आला. आठ मीटरच्या आसपास लांबीचे ओले रेशीम बाल्कनीतल्या दोरीवर टाकता येत नाही. स्वतःच्याच वजनाने ते ताणले जाते. आमच्या सोसायटीची गच्ची कुलूपबंद असते. २१ फेब्रुवारीला सचिवांना ई-मेल केला. उत्तर आले की समितीच्या बैठकीत विषय ठेवावा लागेल आणि बैठक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असते. लेखी अर्जात तारखा, वेळ, कोण वापरणार आणि गच्चीवर पाणी सांडणार नाही याची हमी लिहून मागितली होती. ५ मार्चच्या बैठकीत सकाळी ७ ते ११ या वेळेसाठी मार्च महिन्यापुरती परवानगी मिळाली. किल्ली पहारेकऱ्याकडून नोंदवहीत सही करून घ्यायची आणि तिथेच परत करायची. तुमच्याकडेही अशी पद्धत असल्यास अर्ज सर्वांत आधी करावा, कारण रिठे भिजवायला एक रात्र पुरते, परवानगीला दोन आठवडे लागतात. पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेकडे सकाळभर सावली राहते, ती जागा आम्ही निवडली.

मधल्या काळात कृतीची मापे पक्की केली. एका साडीसाठी बिया काढलेली ५० ग्रॅम साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर वीस मिनिटे ठेवायची, निवल्यावर हाताने कुस्करायची आणि दोनपदरी मलमलीतून दोनदा गाळायची. लोखंडी कढई वापरू नये, पाणी काळसर होऊन कापडावर डाग पडण्याचा धोका असतो. हे गाळलेले पाणी बारा लिटर साध्या पाण्यात मिसळले की पुरेसा फेस येतो. हाताला पाणी निसरडे लागले पाहिजे, फेसाचा डोंगर नको. हे पाणी त्याच दिवशी वापरावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते आंबते आणि त्याला वास येतो. डोळ्यांत त्याचा थेंबही जाऊ देऊ नये, फार झोंबते. उरलेले पाणी विहिरीत, तळ्यात किंवा माशांच्या टाकीजवळ ओतू नये, सॅपोनिन माशांना घातक असते. आम्ही ते मोरीतच सोडले.

८ मार्चपासून धुण्यास सुरुवात केली. सुती पातळे प्रथम घेतली आणि त्यांच्यासाठी खोबरेलाचा साबणच वापरला, कारण वर्षानुवर्षांचा तेलकट मळ काढण्यात तो रिठ्यापेक्षा सरस आहे आणि सुताला त्याचा त्रास नाही. शिवाय ओले झाल्यावर सूत अधिक बळकट होते, म्हणून ते चोळण्याचीही भीती नसते. एका पातळावर हळदीचा डाग होता. साबण लागताच तो तांबडा झाला, विसळल्यावर पुन्हा पिवळा झाला आणि दोन दिवसांच्या उन्हात जवळजवळ नाहीसा झाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, मात्र रेशमावर हा उपाय करू नये, कडक उन्हाने रेशीमच पिवळे आणि ठिसूळ होते.

रेशमाचे वागणे सुताच्या उलट असते. ओले झाले की त्याची ताकद कमी होते आणि ओले रेशीम उचलतानाच ते फाटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून मुकट्यासाठी आणि पैठणीसाठी मच्छरदाणीचे तीन मीटर कापड १५० रुपयांना आणले, ते मधोमध दुमडून त्याच्या दोन पदरांमध्ये वस्त्र सैल घडीने ठेवले आणि कडांना मोठे टाके घातले. उचलायचे ते जाळीला धरून, वस्त्राला नव्हे. सासूबाईंच्या परातीची जागा ३५० रुपयांच्या उथळ, रुंद टबाने घेतली.

मुकटा १५ मार्चला धुतला. पाणी हाताला ना गार ना कोमट लागेल असे घेतले आणि पुढच्या प्रत्येक विसळणीचे पाणीही तेवढेच ठेवले. तळहाताने दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. दहा मिनिटांहून अधिक वेळ रेशीम पाण्यात ठेवले नाही. पांढऱ्या किंवा मोतिया रेशमाला रिठ्याच्या घट्ट पाण्याने पिवळसर झाक येऊ शकते, म्हणून मुकट्यासाठी साल निम्मी घेतली. त्यावर दिव्याच्या तेलाचा एक डाग होता. धुण्याच्या आदल्या दिवशी त्यावर मुलतानी माती कोरडीच भुरभुरून ठेवली होती आणि ती सकाळी मऊ ब्रशने झटकली, तेव्हा डागाचा बराचसा भाग तिने शोषून घेतलेला होता.

शाल २२ मार्चला घेतली. काश्मिरी शाली धुण्यासाठी त्या भागातही रिठाच वापरतात, त्यामुळे तिच्याबद्दल मला सर्वांत कमी काळजी होती. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, घुसळणे किंवा गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात घालणे यांपैकी काहीही झाले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि शाल आटून जाड होते. पाण्याचे तापमान सारखे ठेवले आणि हात अजिबात चोळला नाही, एवढेच पथ्य होते. ती दोरीवर न टाकता चटईवर जुनी चादर अंथरून सपाट वाळवली.

पैठणी मात्र २९ मार्चपर्यंत मी पुढे ढकलत राहिले, हे मान्य करायला हरकत नाही, धास्ती होतीच. त्या दिवशी सकाळी सहा वाजता पाणी भरून ठेवले, सासूबाई समोर पाटावर बसल्या आणि जाळीसकट साडी टबात सोडली. पाच मिनिटांत पाणी कोऱ्या चहासारखे झाले. माझा हात थांबला, कारण इतका रंग साडीचाच असणार असे क्षणभर वाटले. सासूबाईंनी पांढरा पंचा त्या पाण्यात बुडवून काढला. त्यावर जांभळ्याचा लवलेश नव्हता, नुसता तपकिरी मळ होता. अनेक दशकांची धूळ, घाम आणि रेशमाच्या जुनेपणातून निघालेली द्रव्ये पाण्याला असाच रंग देतात, हे आता मला माहीत आहे आणि आधी माहीत असते तर बरे झाले असते, म्हणून मुद्दाम लिहिते. पाणी बदलले, रिठ्याचे नवे पाणी निम्म्या जोराचे घेतले, दुसऱ्यांदा ते फिकट आले. नंतर फेस पूर्ण जाईपर्यंत विसळले आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये घातले. रेशमाच्या शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर घालण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. जरीमुळे आम्ही तो घातला नाही.

पाणी निथळू देऊन साडी जाळीसह जाड पंच्यांमध्ये गुंडाळली आणि वरून फक्त दाबले. गच्चीवर रुंद प्लास्टिकच्या पाइपला जुने धोतर गुंडाळून दोन स्टुलांवर आडवे ठेवले होते, त्या वलणीवर ती जरीची बाजू आत करून पसरली. बारीक दोरीवर टाकले असते तर मधोमध घडीची रेघ पडली असती. साडेदहापर्यंत ती किंचित दमट राहिली, तेव्हाच खाली आणून सुती कापड वर ठेवून उलट बाजूने कोमट इस्त्री केली. वाळलेल्या रेशमावर पाणी शिंपडून इस्त्री करू नये, त्या थेंबांचे डाग राहतात. काठाचा कडकपणा गेला होता, हाताखाली पोत पुन्हा मऊ लागत होता आणि वास पूर्ण नाहीसा झाला होता. घड्यांच्या तपकिरी रेघा फिकट झाल्या, पण गेल्या नाहीत, आणि काळवंडलेली जर तशीच आहे. एका घडीवर रेशीम आधीच झिरझिरीत होते. तिथे रफूगाराकडून आतून रेशमी अस्तराची पट्टी लावून घेतली. त्याचे ४०० रुपये आणि आठ दिवस लागले. निऱ्यांचा ताण नेमका तिथे येणार होता, म्हणून ही पट्टी लग्नापूर्वी लावणे गरजेचे होते.

साठवणीसाठी न रंगवलेली, खळ काढलेली पाच मीटर मलमल ४०० रुपयांना आणली. साड्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या की आत दमटपणा साचतो. घडी घालताना प्रत्येक पदरात मलमल घेतली, म्हणजे जरीचे धागे एकमेकांना आणि रेशमाला घासत नाहीत. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे वेगळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवले आहेत; डांबरगोळ्या जरीच्या जवळ ठेवू नयेत, असे सराफांनीही सांगितले होते. घड्या दर तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या जागी पाडाव्या लागतात. आमच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर कोणते वस्त्र कधी आणि कशाने धुतले, कोणत्या रंगाची चाचणी केली आणि घड्या कधी बदलल्या, हे लिहिलेले आहे. पुढे ज्याच्या हाती ही ट्रंक जाईल त्याला चाचण्या नव्याने कराव्याच लागतील, परंतु सुरुवात कुठून करायची ते तरी कळेल.

रिठे, टब, जाळी, मलमल, पाणी आणि ६० रुपयांचा साबण मिळून १,२५० रुपये झाले, रफूचे ४०० वेगळे. टब आणि जाळी पुन्हा वापरता येतील आणि रिठे अजून पाव किलोहून अधिक शिल्लक आहेत.

इरकलीला आम्ही पाणी लावलेच नाही. तिला सावलीत वारा दिला, खिडकीची बारीक जाळी वर धरून व्हॅक्यूम क्लीनरच्या सर्वांत कमी ओढीवर दोन्ही बाजूंची धूळ काढली आणि सैल घडीने मलमलीत गुंडाळली. पदराच्या एका टोकाला पूर्वी पाणी लागल्याचा एक डाग आहे, त्याभोवती लाल रंग आधीच थोडा पसरलेला दिसतो. तो वस्त्रजतनाचे काम करणाऱ्या जाणकारालाच दाखवायचा आहे. दोन्ही बाजूंचे फोटो, धाग्याच्या आणि रंगाच्या चाचण्यांच्या नोंदी आणि लांबी-रुंदीची मापे तयार ठेवली आहेत.